शंका-समाधान : कोबाल्ट-६० चे उपयोग आणि धोके

लासलगावच्या केंद्रात कांद्याला आणि आंब्याला दिली जाणारी किरणे, कर्करोगावरचे कोबाल्ट यंत्र, भंगारात सापडणाऱ्या किरणोत्सारी वस्तू, अशा वेगवेगळ्या विषयांवर वाचकांची पत्रे आली असली, तरी त्यांतील बहुतेक प्रश्न एकाच समस्थानिकाशी येऊन थांबतात. म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे कोबाल्ट-६० ला, म्हणजे कोबाल्ट धातूच्या किरणोत्सारी प्रकाराला दिले आहे. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमच्या भागात कांद्याला कोबाल्टची किरणे देतात. असा कांदा खाल्ला तर किरणोत्सार पोटात जात नाही का? शिवाय त्याने कांदा खरोखर टिकतो का? (कांदा उत्पादक, निफाड तालुका)

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निःसंदिग्धपणे 'नाही' असे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. विकिरण केंद्रात कांद्याचा आणि कोबाल्टचा स्पर्श कधीच होत नाही. कोबाल्ट पोलादाच्या दुहेरी नळ्यांमध्ये पक्का बंद केलेला असतो. या नळ्यांना 'पेन्सिल' म्हणतात. अशा अनेक पेन्सिली एका चौकटीत बसवलेल्या असतात, त्या चौकटीभोवतून मालाची खोकी फिरवली जातात आणि ठरलेली मात्रा मिळाली की ती बाहेर येतात. कांद्यापर्यंत पोहोचतात ते फक्त गॅमा किरण. दिवा विझल्यावर त्याच्या उजेडात ठेवलेली वस्तू जशी आपण होऊन उजळत राहत नाही, तसाच हा कांदा खोलीबाहेर आल्यावर कोणतेही किरण सोडत नाही.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. अणुभट्टीत ठेवलेल्या वस्तू किरणोत्सारी होतात, मग कांदा का होत नाही? अणुभट्टीत वस्तूंवर न्यूट्रॉनचा मारा होतो आणि न्यूट्रॉन अणुकेंद्रात शिरून त्याची जात बदलू शकतात. कोबाल्ट-६० मात्र न्यूट्रॉन सोडत नाही. त्याच्या दोन गॅमा किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजण्याचे एकक) इतकी असते. अणुकेंद्रातून एखादा न्यूट्रॉन बाहेर काढायचा, तर बेरिलियमसारख्या अपवादात्मक मूलद्रव्यालाही किमान १.६७ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि अन्नातील कार्बन, नायट्रोजन व ऑक्सिजन यांना त्याच्या कितीतरी पट ऊर्जा लागते. म्हणजे कोबाल्टचे किरण कितीही वेळ दिले, तरी त्यांनी कांदा किरणोत्सारी होऊ शकत नाही. हा केवळ सावधगिरीचा किंवा कमी मात्रेचा परिणाम नसून निसर्गाने घातलेली मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये असा निष्कर्ष काढला होता, की १० किलोग्रेपर्यंत मात्रा दिलेले अन्न आरोग्याला अपायकारक ठरत नाही. ('ग्रे' हे वस्तूत शोषल्या गेलेल्या किरणांच्या ऊर्जेचे एकक आहे, आणि किलोग्रे म्हणजे हजार ग्रे.) कांद्याला दिली जाणारी मात्रा साधारण ६० ते ९० ग्रे, म्हणजे त्या मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपास असते. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्याला कोयकिड्यासारख्या किडींच्या बंदोबस्तासाठी किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. याच अटीवर २००७ मध्ये भारतीय आंब्याला अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा उघडली, आणि त्यासाठी मान्यता मिळालेले देशातील पहिले केंद्र लासलगावचे होते.

दुसरा प्रश्न अधिक व्यावहारिक आहे आणि त्याचे उत्तर तितके सरळ नाही. कांद्याच्या गाभ्यात जो वाढीचा बिंदू असतो, त्यातील पेशींची विभागणी किरणांमुळे थांबते आणि म्हणून कोंब येत नाही. असा कांदा काही महिन्यांनी उभा चिरून पाहिला, तर गाभ्यात कधीकधी तपकिरी झालेला बारीकसा ठिपका दिसतो. तो किडीचा किंवा सडण्याचा नसून मेलेल्या कोंबाचा असतो. मात्र चाळीतील कांद्याचे नुकसान काही फक्त कोंबामुळे होत नाही. वजनातील घट आणि सड ही त्याहून मोठी कारणे असतात, आणि या मात्रेने सडविणारी बुरशी व जिवाणू मरत नाहीत. त्यामुळे नीट न सुकवलेला, मान जाड राहिलेला किंवा काढणीत खरचटलेला कांदा किरणे देऊन टिकेल, अशी अपेक्षा धरू नये. उन्हाळ कांदा नीट सुकवून, निवडून, काढणीनंतर तो सुप्तावस्थेत असतानाच प्रक्रियेला दिला तरच तिचा उपयोग होतो, आणि त्यानंतरची साठवण थंड असेल तर तो अधिक होतो. खर्चाचा हिशोब करताना ही बाब आधी विचारात घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : बी-१२ जीवनसत्त्वात कोबाल्ट असतो आणि निळ्या काचेतही असतो. मग तोच कोबाल्ट धोकादायक कसा? (शिक्षिका, सातारा)

निसर्गात सापडणारा सगळा कोबाल्ट हा कोबाल्ट-५९ असतो आणि तो पूर्णपणे स्थिर असतो. बी-१२ मध्ये आणि काचेच्या निळ्या रंगात तोच असतो. त्याच्या केंद्रात २७ प्रोटॉन आणि ३२ न्यूट्रॉन असतात. अणुभट्टीत ठेवल्यावर त्यात आणखी एक न्यूट्रॉन शिरतो आणि कोबाल्ट-६० तयार होतो. आपल्याकडे हे काम वीजनिर्मिती करणाऱ्या अणुभट्ट्यांमध्ये कोबाल्टच्या कांड्या ठेवून केले जाते आणि त्यावरची पुढची प्रक्रिया राजस्थानात रावतभाटा येथे होते. वाढीव न्यूट्रॉनमुळे केंद्र अस्थिर होते. त्यातून आधी एक बीटा कण बाहेर पडतो, अणूचे निकेल-६० मध्ये रूपांतर होते आणि हे निकेल जवळजवळ त्याच क्षणी दोन गॅमा किरण सोडून शांत होते. बीटा कण फार दुबळा असतो, तो पोलादाच्या वेष्टनातच अडतो. उपयोग होतो तो गॅमा किरणांचा, आणि धोकाही त्यांचाच. दिसायला हा धातू साध्या कोबाल्टसारखाच असतो. त्याला वेगळा रंग नसतो, वास नसतो, आणि अंधारात तो चमकतही नाही. विकिरण केंद्रातील खोल पाण्याच्या हौदात ठेवलेल्या पेन्सिलींभोवती जो निळा प्रकाश दिसतो, तो धातूचा नसून पाण्यातून वेगाने जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे निर्माण झालेला असतो.

प्रश्न : कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल सुमारे सव्वापाच वर्षांचा आहे, असे पुस्तकात दिले आहे. म्हणजे दहा-अकरा वर्षांनी तो निरुपद्रवी होतो, असे समजावे का? (अकरावीचा विद्यार्थी, लातूर)

तसे समजू नये. मोठ्या माणसांचीही येथे अशीच समजूत होते आणि त्यातून जीव गेलेले आहेत, म्हणून या उत्तराला थोडी अधिक जागा देत आहोत.

अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे, याचा अर्थ दर ५.२७ वर्षांनी उरलेल्याचा निम्मा भाग शिल्लक राहतो. साडेदहा वर्षांनी पाव भाग उरतो, एकवीस वर्षांनी सोळावा भाग, आणि चाळीस वर्षांनी साधारण अर्धा टक्का. हा अर्धा टक्का नगण्य आहे की नाही, हे मूळ साठा किती होता यावर ठरते. किरणोत्साराच्या तीव्रतेचे जुने पण अजून वापरात असलेले एकक 'क्युरी' हे आहे. एक क्युरी म्हणजे दर सेकंदाला ३७ अब्ज अणूंचा ऱ्हास. कर्करोगावरील कोबाल्ट यंत्रात दहा हजार क्युरीच्या आसपासचा स्रोत असतो आणि विकिरण केंद्रात तो लाखो क्युरींचा असतो. आता उलटे गणित करून पाहा. वेष्टनाबाहेर काढलेल्या फक्त एक क्युरी कोबाल्टपासून एक मीटर अंतरावर उभ्या असलेल्या माणसाला तासाला सुमारे १३ मिलिसीव्हर्ट मात्रा मिळते. ('सीव्हर्ट' हे माणसाच्या शरीराला मिळालेल्या मात्रेचे एकक आहे, आणि मिलिसीव्हर्ट हा त्याचा हजारावा भाग.) सर्वसामान्य नागरिकासाठी अशा स्रोतांपासून वर्षभरात १ मिलिसीव्हर्टची मर्यादा ठरलेली आहे. ती येथे पाच मिनिटांच्या आत ओलांडली जाते.

अंतर कमी होते तसा हा आकडा भराभर वाढतो. अंतर दहाव्या हिश्श्यावर आले की मात्रा शंभरपट होते, त्यामुळे दहा सेंटिमीटरवर ती तासाला १.३ सीव्हर्ट आणि एक सेंटिमीटरवर तासाला १३० सीव्हर्टच्या घरात जाते. संपूर्ण शरीराला थोड्या वेळात ४ सीव्हर्टच्या आसपास मात्रा मिळाली आणि उपचार मिळाले नाहीत, तर निम्मी माणसे दोन महिन्यांत दगावतात. म्हणून किरणोत्सारी तुकडा हातात धरणे, खिशात ठेवणे आणि त्याच्यापासून चार पावलांवर असणे यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

दिल्लीतील मायापुरीची घटना या गणिताचा पुरावा आहे. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातून प्रयोगांसाठी एक गॅमा विकिरण यंत्र आणले होते. १९८५ नंतर ते वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते इतर जुन्या सामानाबरोबर लिलावात विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथील कामगारांनी शिशाचे जाड कवच काढले, कारण भंगारात शिशाला चांगला भाव असतो, आणि आतील कोबाल्टच्या पेन्सिलींचे तुकडे झाले. एका व्यापाऱ्याने त्यातील एक तुकडा पैशाच्या पाकिटात ठेवला, आणि पाकीट मागच्या खिशात राहिल्याने तेथील त्वचा खोलवर भाजून निघाली. एप्रिलच्या सुरुवातीला रुग्णालयात आलेल्या एका रुग्णाची काळवंडलेली त्वचा आणि गळणारे केस पाहून डॉक्टरांना किरणोत्साराचा संशय आला, तेव्हा कुठे अणुऊर्जा नियामक मंडळाला खबर मिळाली. अनेक जणांना उपचार घ्यावे लागले आणि त्यांपैकी एका तरुण कामगाराचा २६ एप्रिलला मृत्यू झाला. अणुघटनांचे गांभीर्य शून्य ते सात अशा पातळ्यांत ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

यंत्र आणल्यापासून या घटनेपर्यंत साडेसात-आठ अर्धायुकाल उलटून गेले होते. कागदावर जवळपास सगळा कोबाल्ट संपलेला होता. उरलेल्या अर्ध्या टक्क्याच्या आत-बाहेरच्या अंशाने माणूस मेला. त्यामुळे वर्षे मोजून कोणत्याही स्रोताला निरुपद्रवी ठरवू नये. ते काम मोजणी यंत्राचे आणि ते वाचता येणाऱ्या माणसाचे आहे.

प्रश्न : माझ्या आईला कोबाल्ट यंत्रावर उपचार चालू आहेत. घरी लहान नातवंडे आहेत. त्यांना तिच्यापासून दूर ठेवावे का? (वाचक, अकोला)

मुळीच नाही. आजीने नातवंडांना जवळ घ्यावे, त्यांच्याबरोबर जेवावे, त्यांना कुशीत झोपवावे. कोबाल्ट यंत्रातील स्रोत यंत्राच्या डोक्यातील जड कवचात असतो. उपचाराच्या काही मिनिटांत तो समोर आणला जातो आणि नंतर परत आत जातो. रुग्णाच्या शरीरात काहीही शिल्लक राहत नाही. थायरॉइडच्या उपचारात पोटात दिल्या जाणाऱ्या आयोडीन-१३१ साठी अंतर ठेवण्याचे जे नियम सांगितले जातात, ते येथे लागू नाहीत. दोन्ही उपचार एकाच रुग्णालयात होत असल्यामुळे अशी गल्लत होते आणि अनेक रुग्णांच्या वाट्याला नको तेव्हा एकटेपणा येतो, याचे फार वाईट वाटते. रुग्णाच्या मनात शंका राहिली असेल, तर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून हे तिच्यासमोरच वदवून घ्यावे.

प्रश्न : आता वीजेवर चालणारी त्वरक यंत्रे आली आहेत. मग इतका धोका पत्करून कोबाल्ट वापरावा तरी कशाला? (निवृत्त अभियंता, डोंबिवली)

आपला मुद्दा महत्त्वाचा आहे. त्वरक म्हणजे विजेच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना प्रचंड वेग देऊन किरण तयार करणारे यंत्र. त्वरकाची वीज बंद केली की किरण थांबतात, कोबाल्टला बंद करण्याचे बटण नाही. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत आता बहुतांशी त्वरकच वापरले जातात आणि अधिक अचूक उपचारांसाठी ते योग्यही आहे. परंतु त्वरकाला स्थिर वीजपुरवठा, सततची देखभाल आणि सहज उपलब्ध होणारे तंत्रज्ञ लागतात. जेथे हे तिन्ही बेभरवशाचे आहे, तेथे बंद पडलेल्या महागड्या त्वरकापेक्षा चालू असलेले कोबाल्ट यंत्र रुग्णाच्या अधिक उपयोगाचे असते. याच विचाराने भाभा अणुसंशोधन केंद्राने 'भाभाट्रॉन' हे स्वदेशी कोबाल्ट यंत्र विकसित केले. निर्जंतुकीकरणाच्या क्षेत्रात तर कोबाल्टचे गॅमा किरण बंद खोक्याच्या आरपार जातात, हा मोठाच फायदा आहे. तुर्भे येथील 'आयसोमेड' केंद्रात १९७४ पासून शस्त्रक्रियेचे साहित्य याच पद्धतीने निर्जंतुक होत आले आहे.

कोबाल्टच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगता येते. तो घन धातू आहे आणि पाण्यात सहज विरघळत नाही. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानिया शहरात भंगारवाल्यांनी फोडलेल्या उपचारयंत्रात सिझियम-१३७ होते आणि ते क्लोराइडच्या भुकटीच्या रूपात होते. ती निळी चमकणारी भुकटी लोकांनी अंगाला लावली, घरोघरी नेली, आणि शहरातील अनेक ठिकाणे दूषित झाली. कोबाल्टचा तुकडा शोधून उचलता येतो, भुकटी तशी गोळा करता येत नाही. त्यामुळे प्रश्न कोबाल्ट वापरावा की नाही एवढाच नाही. स्रोत विकत घेताना तो पुढे परत कोण नेणार, त्याचा खर्च कोण देणार आणि संस्थेतील कोणत्या माणसाच्या नावावर तो शेवटपर्यंत राहणार, हे लेखी ठरले आहे का, हा खरा प्रश्न आहे. मायापुरीची घटना किरणांच्या गुणधर्मांमुळे झाली नाही. पंचवीस वर्षे कोणी न पाहिलेले यंत्र जुन्या सामानाच्या यादीत गेले, म्हणून ती झाली.

प्रश्न : माझा भंगाराचा व्यवसाय आहे. अशी वस्तू आमच्याकडे आली तर ओळखायची कशी आणि करायचे काय? (व्यावसायिक, पिंपरी-चिंचवड)

या पत्राबद्दल आपले मनापासून आभार, कारण जगातील अशा अनेक घटनांत पहिला फटका भंगार व्यवसायातील माणसांना बसला आहे. थायलंडच्या समुत प्राकान येथे २००० साली एका जुन्या कोबाल्ट यंत्राचे डोके भंगारात आले. ते कापल्यावर दहा जणांना मोठी मात्रा मिळाली आणि तिघांचा मृत्यू झाला. मेक्सिकोतील सिउदाद हुआरेझ येथे १९८३ च्या अखेरीस फुटलेल्या यंत्रातून कोबाल्टच्या बारीक दाण्यांसारख्या सुमारे सहा हजार गोळ्या सांडल्या आणि भंगाराबरोबर भट्टीत वितळून बांधकामाच्या सळ्यांत गेल्या. अशा सळ्या घेऊन निघालेला एक ट्रक जानेवारी १९८४ मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेजवळून गेला आणि तेथील मापक यंत्र वाजले, तेव्हा हे उघडकीस आले.

ओळखण्याच्या काही खुणा सांगता येतात. आकाराच्या मानाने वस्तू फारच जड असेल, म्हणजे लहानशा पिंपाएवढ्या वस्तूला उचलायला क्रेन लागत असेल, आणि जाड शिशाच्या आत पोलादाची बंद नळी किंवा सरकणारा खण असेल, तर काम तेथेच थांबवावे. पिवळ्या पाटीवरचे तीन पात्यांचे चिन्ह पाहावे. २००७ पासून धोकादायक स्रोतांसाठी आणखी एक चिन्ह आले आहे. लाल त्रिकोणात वरून येणारी किरणे, कवटी आणि पळणारा माणूस, असे ते आहे. अक्षर न वाचता येणाऱ्यालाही समजावे म्हणून ते तसे काढलेले आहे. मात्र जुन्या यंत्रांवर पाटी गंजलेली किंवा उखडलेली असू शकते, म्हणून चिन्ह नाही याचा अर्थ धोका नाही, असा घेऊ नये. रुग्णालय, महाविद्यालय, प्रयोगशाळा किंवा वेल्डिंगची तपासणी करणारी कंपनी यांच्याकडून जुनी यंत्रे घेताना त्यात किरणोत्सारी स्रोत नसल्याचे लेखी पत्र मागावे. शक्य असल्यास किरणोत्सार मोजणारे एक साधे सर्वेक्षण मापक विकत घ्यावे आणि येणारी गाडी काट्यावर चढण्याआधीच तपासावी.

संशय आल्यास वस्तूला हात लावू नये, ती कापू नये, ठोकू नये, वितळवू नये आणि झाकण्यासाठीही जवळ जाऊ नये. पत्र्याने किंवा मातीच्या पातळ थराने काहीच साधत नाही. या किरणांची तीव्रता निम्मी करायलाच साधारण सव्वा सेंटिमीटर शिसे किंवा सहा सेंटिमीटर काँक्रीट लागते. त्यापेक्षा सगळ्यांना दूर करावे, जागा दोरी बांधून अडवावी आणि पोलिसांना कळवून अणुऊर्जा नियामक मंडळापर्यंत खबर जाईल असे पाहावे. मंडळाचे मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगर येथे आहे. जी माणसे वस्तूजवळ होती, त्यांची नावे, ती किती वेळ आणि किती अंतरावर होती, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, कारण पुढे डॉक्टरांना मात्रेचा अंदाज बांधायला हीच माहिती लागते.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. मोठी मात्रा मिळाल्यावर काही तासांत मळमळ आणि उलट्या होतात, मग त्या थांबतात आणि माणसाला बरे वाटू लागते. हा मधला काळ काही दिवसांचा किंवा काही आठवड्यांचाही असू शकतो. त्वचेवरचा दाह, केस गळणे, ताप, रक्तस्राव ही लक्षणे त्यानंतर येतात. म्हणून भंगार कापल्यानंतर दोघा-तिघांना एकदम उलट्या झाल्या, तर विषबाधा समजून गोळी घेऊन घरी जाऊ नये. दवाखान्यात आपण काय कापत होतो ते स्पष्ट सांगावे आणि रक्तातील पांढऱ्या पेशींची तपासणी त्याच दिवशी व पुढचे काही दिवस पुन्हा पुन्हा करून घ्यावी.